“झाडपाला आहे, साईड इफेक्ट नाही” : हे वाक्य आता बंद करा

पोस्ट मोठी आहे. पण घरात बीपीचा पेशंट असेल, हात थरथरणारे म्हातारे वडील असतील किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असलेलं कोणी असेल, तर पूर्ण वाचा.

सध्या आपल्याकडच्या ग्रुपवर सर्पगंधेचा एक फॉरवर्ड फिरतोय. बीपीची गोळी म्हणजे आयुष्यभराची गुलामी, त्यापेक्षा सर्पगंधेचं चूर्ण घ्या, गोळी सुटेल, झोप लागेल, डोकं शांत होईल. झाडपाला आहे, साईड इफेक्ट शून्य. आणि शेवटी नेहमीचं शेपूट : इंग्रजांनी आपलं ज्ञान चोरलं, पुढे पाठवा. त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग.

मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. त्या डिप्लोमात एक गोष्ट पक्की शिकवली होती : कोणी “खूप” म्हणालं की विचारायचं, किती? कोणी “शून्य” म्हणालं की विचारायचं, कोणी मोजलं? सर्पगंधेच्या बाबतीत गंमत अशी की मोजलंय. आपल्याच माणसांनी मोजलंय. आणि जे सापडलं ते या फॉरवर्डच्या बरोब्बर उलटं आहे.

आधी अभिमानाचा भाग सांगतो, कारण तो खरा आहे.

सर्पगंधेचं मूळ बंगाल-बिहारकडे पिढ्यान् पिढ्या वेडाच्या झटक्यावर, झोप न येण्यावर, साप चावल्यावर दिलं जायचं. बिहारमध्ये तर त्याला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी लेख लिहून सांगितलं की हे मूळ वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालतं. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञांनी मुळातले घटक वेगळे काढायला सुरुवात केली.

मग आले आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. केईएम हॉस्पिटलचे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अभ्यास छापला. किती डोस, किती दिवस, किती जणांचं प्रेशर किती उतरलं, कोणाला काय त्रास झाला, सगळं लिहून. तो लेख वाचून जगभरचे डॉक्टर या मुळाकडे वळले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकातला हा फार मोठा सन्मान. पुढच्याच वर्षी पद्मभूषण.

१९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळातला मुख्य घटक वेगळा काढला. त्याचं नाव रेसर्पिन. इथून मूळ गेलं आणि तिकडून डब्यात गोळी होऊन परत आलं. आपल्यातल्या जुन्या लोकांना ‘ॲडेलफेन’ नावाची बीपीची गोळी आठवत असेल. त्यात रेसर्पिनच होतं. पैसा तिकडच्या कंपनीने कमावला, ही तक्रार रास्त आहे, आणि ती करायला माझी हरकत नाही. पण “ज्ञान चोरलं” म्हणणाऱ्यांना एकच विचारतो : सेन, बोस, सिद्दीकी, वकील यांपैकी किती नावं तुम्हाला माहीत होती? ज्यांनी काम केलं त्यांना आपण विसरलो, आणि चोराचं नाव तेवढं पाठ केलं.

हे औषध किती ताकदीचं होतं? १९६७ साली अमेरिकेत माजी सैनिकांवर एक चाचणी झाली. प्रेशर फार वाढलेले १४३ पुरुष. अर्ध्यांना खरं औषध, अर्ध्यांना नुसती गोड गोळी. प्रेशर उतरवल्याने माणूस वाचतो, हे या चाचणीने पहिल्यांदा इतकं स्पष्ट दाखवलं. त्या खऱ्या औषधातल्या तीन घटकांपैकी एक होतं रेसर्पिन. म्हणजे आज डॉक्टर तुम्हाला “गोळी रोज घ्या, चुकवू नका” म्हणतात, त्या सल्ल्याच्या पायात सर्पगंधेचं मूळ आहे. आणि फॉरवर्डवाले त्याच सर्पगंधेच्या नावावर तुमची गोळी सोडवायला निघालेत!

आता ही ताकद येते कुठून ते बघू. इथेच “साईड इफेक्ट शून्य”चा फुगा फुटतो.

कळमन्याचं मार्केट यार्ड डोळ्यासमोर आणा. माल येतो, हमाल तो पोत्यात भरतात, पोती थप्पीला लागतात, गिऱ्हाईक आलं की पोतं निघतं. आपल्या मेंदूतल्या पेशींचं असंच चालतं. डोपामिन, सेरोटोनिन, नॉरॲड्रिनलिन हा माल. डोपामिनवर हातापायाची हालचाल चालते, सेरोटोनिनचा संबंध मन आणि झोपेशी, नॉरॲड्रिनलिनवर रक्तवाहिन्यांचा ताण. या तिघांना मिळून मोनोअमाइन म्हणतात. पेशीत बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांत हा माल भरून ठेवला जातो. भरणारा जो हमाल, त्याचं शास्त्रीय नाव व्हीमॅट.

रेसर्पिन जाऊन या हमालाचे हात धरतं. कायमचे. पेशी नवा हमाल तयार करेपर्यंत भरणी बंद. माल उघड्यावर पडतो आणि उघड्यावरचा माल पेशीतलीच एक यंत्रणा खाऊन टाकते, यार्डात मोकाट गुरं शिरावी तशी. गोदाम रिकामं होतं. नॉरॲड्रिनलिन संपलं की रक्तवाहिन्या सैलावतात, प्रेशर उतरतं. वा! पण राजेहो, रेसर्पिनला “फक्त बीपीचं गोदाम रिकामं कर” असं सांगता येत नाही. ते डोपामिनचंही रिकामं करतं आणि सेरोटोनिनचंही. नवा हमाल लागायला वेळ लागतो, म्हणून औषध बंद केल्यावरही असर कित्येक दिवस राहतो.

डोपामिनचं गोदाम रिकामं झालं की काय होतं? १९५७ साली स्वीडनच्या अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे जागच्या जागी थिजले, कान पडले, हालचाल संपली. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं. थोड्याच वेळात ससे उठून हिंडायला लागले. यावरून कळलं की हालचालीला डोपामिन लागतं, आणि पुढे हेही सिद्ध झालं की पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत तेच कमी पडतं. आज नागपुरात पार्किन्सनचे जे जे आजोबा लेव्होडोपाची गोळी घेऊन सकाळी बागेत चार पावलं चालतात, ते या सशांच्या उपकारावर चालतात. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

पण यातली दुसरी बाजू लक्षात घ्या. रेसर्पिन इतकं पक्कं काम करतं की प्रयोगशाळेत उंदराला पार्किन्सनसारखं करायचं असेल तर अजूनही ते वापरतात. हात-पाय आखडणं, मंदावणं, थिजणं. म्हणजे तुम्ही ज्याला “निरुपद्रवी झाडपाला” म्हणता, त्यातलं द्रव्य शास्त्रज्ञ कंपवाताची लक्षणं मुद्दाम निर्माण करायला वापरतात! आणि तुम्ही ते चूर्ण कंपवाताच्याच आजोबांना झोप लागावी म्हणून देता. एका हाताने लेव्होडोपाची गोळी, दुसऱ्या हाताने सर्पगंधा. एक गोदाम भरतंय, दुसरं पोती फाडतंय. मग म्हणता, “न्यूरोच्या डॉक्टरची गोळी लागू पडत नाही.” कशी पडेल बाप्पा?

मनाचं सांगतो. १९५४ नंतर जगभर रेसर्पिन वेड्यांच्या इस्पितळांतही वापरलं गेलं. अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते सुरू केलं, तेही भारतातल्या कामाची बातमी पेपरात वाचून. बीपीसाठी घेणाऱ्यांपैकी काही लोक मात्र खोल उदास होऊ लागले, अशा नोंदी डॉक्टरांनी केल्या. रेसर्पिनमुळे किती जणांना खरंच नैराश्य येतं यावर नंतर वाद झाला. काही संशोधक म्हणतात, जुन्या नोंदी फुगवलेल्या होत्या आणि डोसही जास्त होते. तो वाद मी लपवत नाही. पण ज्याला आधीच नैराश्य आहे त्याला रेसर्पिन देऊ नये, पोटात अल्सर असेल तर देऊ नये, ही सूचना औषधाच्या पुस्तकांत उभी आहे. नाक चोंदणं, जुलाब, नाडी मंद होणं, वाईट स्वप्नं, सुस्ती, हेही त्याच यादीत. फॉरवर्डमध्ये यातली एक तरी ओळ दिसली का?

आता साधं गणित करू, चौथीतल्या पोराला येईल असं.

रेसर्पिनची गोळी आज जिथे दिली जाते तिथे दिवसाचा डोस फार तर पाव मिलिग्रॅम, म्हणजे ०.२५. सर्पगंधेच्या मुळात रेसर्पिनचं प्रमाण साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास धरतात. जमीन, हंगाम, मुळाचं वय यावर कमी-जास्त. चहाचा एक चमचा चूर्ण म्हणजे दोनेक ग्रॅम. दोन ग्रॅमचे ०.१ टक्के म्हणजे २ मिलिग्रॅम. पाव मिलिग्रॅमच्या आठपट! मुळातलं सगळंच रक्तात उतरतं असं नाही, हे मान्य. अर्धंच उतरलं तरी चौपट झालं की नाही?

आणि हे मूळ शुद्ध असेल तर. खणताना अख्खं झाड मरतं, त्यामुळे जंगलातली सर्पगंधा इतकी घटली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं. माल कमी आणि मागणी जास्त असली की काय होतं, हे व्यापाराच्या या शहराला मी काय सांगू? याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची मुळं मिसळली जातात. त्यातही रेसर्पिन असतं, पण किती, ते पुडी विकणाऱ्यालाही माहीत नसतं. म्हणजे या पुडीत कमी, त्या पुडीत जास्त. मग औषध घेताय की जुगार खेळताय?

मी हे आयुर्वेदाच्या विरोधात लिहितोय असं ज्यांना वाटतंय त्यांनी जरा थांबावं. चांगला वैद्य नाडी बघतो, प्रकृती विचारतो, मात्रा ठरवतो, पंधरा दिवसांनी परत बोलावतो. माझं भांडण त्याच्याशी नाही, उलट तोच माझा साक्षीदार आहे. मात्रा हा शब्द आयुर्वेदाचाच ना? मात्रा काढून टाकली की उरतो तो आयुर्वेद नव्हे, नुसता धंदा. माझं भांडण आहे न तपासता चूर्ण विकणाऱ्याशी, “बीपी जडापासून” असा बोर्ड लावून बसणाऱ्याशी, आणि बोटाच्या एका दाबाने शंभर जणांना औषध लिहून देणाऱ्या ग्रुप ॲडमिनशी.

त्यांच्यासाठी कायदाही आहे आणि तो जुना आहे. १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा. ज्या आजारांवर उपचाराची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्या यादीत कमी-जास्त रक्तदाब आहे, मधुमेह आहे, लकवा आहे, वेड आहे. इतक्या वर्षांचा कायदा आणि जाहिराती मात्र बसच्या पाठीवर, केबलवर, यूट्यूबवर खुशाल. अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय नागपुरातच आहे. अधिकाऱ्यांना बोर्ड दिसत नसतील तर फोटो काढून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पोच महत्त्वाची. तोंडी तक्रार म्हणजे हवेत सोडलेला फुगा.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. नाहीतर डॉक्टर मंडळी म्हणतील, वा, आमच्या बाजूने लिहिलं.

रेसर्पिनचा एक धाकटा भाऊ आहे, टेट्राबेनाझिन. रेसर्पिनसारखं पण सोपं काही बनवता येईल का, या शोधात तो १९५० च्या दशकात प्रयोगशाळेत तयार झाला. तोही हमालाचे हात धरतो, पण काही तासांपुरते, आणि मुख्यतः मेंदूतल्याच हमालाचे. त्यामुळे डोस कमी-जास्त करता येतो. मेंदूत डोपामिनचा जोर जास्त होऊन हातपाय, मान, तोंड आपोआप वळवळतं अशा आजारांत तो कामी येतो. हंटिंग्टन नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. त्यातली हालचाल टेट्राबेनाझिन कमी करतं. आजार बरा करत नाही, हे स्पष्ट सांगतो.

दुसरा त्रास आपल्या ओळखीचा आहे, फक्त नाव माहीत नसतं. मानसिक आजाराची काही औषधं वर्षानुवर्षं घेतल्यावर काही रुग्णांचं तोंड सारखं चावल्यासारखं हलतं, जीभ बाहेर येते, ओठ चाळवतात. त्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं. या शहराने मानसिक रुग्णांच्या किती पिढ्या पाहिल्या, तरी अजून वस्तीत असं तोंड हलवणारी बाई दिसली की पोरं नक्कल करतात आणि मोठे म्हणतात, अंगात आलंय. अंगात काही आलेलं नाही. तो औषधाचा उशिरा दिसलेला परिणाम आहे आणि त्यावर सर्पगंधेच्याच वंशातली ही गोळी देता येते. अमेरिकेत तर त्याच कुळातली दोन नवी औषधं २०१७ साली मंजूर झाली. म्हणून घरच्यांनी मनाने औषध बंद करू नये आणि मांत्रिकाकडेही जाऊ नये. डॉक्टरांना दाखवावं, जमलं तर मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवावा.

पण डॉक्टरसाहेब, ही गोळीसुद्धा गोदाम रिकामं करूनच काम करते. २००८ साली अमेरिकेत हंटिंग्टनसाठी तिला परवानगी मिळाली तीच चौकटीतल्या इशाऱ्यासह : नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात. हा इशारा रुग्णाच्या बायकोला, मुलाला मराठीत कोण सांगतो? चिठ्ठी इंग्रजीत, पाकिटातला कागद इंग्रजीत, तोही मुंगीएवढ्या अक्षरात. ओपीडीत बाहेर शंभर लोक उभे आहेत, कबूल. पण “माणूस गप्प गप्प राहायला लागला, जेवण सोडलं, जगण्यात राम नाही म्हणायला लागला तर लगेच या” एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? मोजून बघा, दहा सेकंद.

आणि दुसरी सवय लावा. “कोणत्या गोळ्या चालू आहेत?” एवढं विचारून थांबू नका. आपल्याकडे माणूस चूर्णाला औषध समजतच नाही, मग सांगेल कसा? “काही चूर्ण, काढा, जडीबुटी घेता का?” असं विचारा, आणि चिडून विचारू नका. तुम्ही खेकसता म्हणून लोक लपवतात, आणि लपवतात म्हणून ऑपरेशन टेबलवर प्रेशर का कोसळलं ते कोणाला कळत नाही.

तर माझं म्हणणं असं.

सर्पगंधा असलेल्या प्रत्येक डबीवर रेसर्पिन किती मिलिग्रॅम ते छापा. नैराश्य, अल्सर, कंपवात असणाऱ्यांनी घेऊ नये, हे ठळक मराठीत छापा. छापता येत नसेल तर विकू नका. टेट्राबेनाझिनसारख्या गोळीसोबत मराठीत एक साधा कागद द्या. त्याला मोठं बजेट लागत नाही, एका पानाची झेरॉक्स लागते. मेडिकल, मेयो, एम्स, मनोरुग्णालय, चौघांनी मनावर घेतलं तर अख्ख्या विदर्भाला पुरेल असा मजकूर एका दुपारी तयार होईल. टायपिंग आणि प्रूफ मी फुकट बघून देतो, हे जाहीर लिहून ठेवतो.

आणि आपण लोकांनी काय करायचं? बीपीची चालू गोळी कुणाच्या फॉरवर्डवर बंद करायची नाही. सर्पगंधा सध्या घेत असाल तर घाबरू नका, पण उद्याच्या उद्या डबी घेऊन डॉक्टरकडे किंवा शिकलेल्या वैद्याकडे जा आणि सांगा. आणि “साईड इफेक्ट शून्य” म्हणणाऱ्याला ग्रुपवरच विचारा : भाऊ, मात्रा किती? कोणी मोजलं? कोणाला देऊ नये?

ज्याचा काही परिणामच नाही त्याचा दुष्परिणाम नसतो. सर्पगंधेला परिणाम आहे, जबरदस्त आहे, म्हणून तर जग तिच्या मागे धावलं. तिचा अभिमान असेल तर वकिलांसारखं मोजा. मोजायचं नसेल तर निदान पुढे पाठवू नका.

ज्यांना पटलं नाही त्यांनी कमेंटमध्ये खुशाल भांडावं, उत्तर देईन. शिव्या देणाऱ्यांनी आधी पूर्ण वाचावं. आणि कोणाच्या घरी तोंड हलण्याचा, हात वळवळण्याचा त्रास असेल तर इथे नाव लिहू नका, थेट न्यूरोच्या नाहीतर मानसोपचाराच्या ओपीडीत जा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.